चुकलं कोण म्हणालं

२ मार्च, सोमवार

मी "चुकलं" म्हणालो म्हणे. आज विमा कंपनीच्या क्लेमवाल्या साहेबांनी कागदावरून वाचून दाखवलं — "धडक बसल्यावर पुढच्या गाडीतून 'चुकलं, चुकलं' असा आवाज आला." त्या पोरीनं तसं लिहून दिलंय. जिनं मला मागून ठोकलं तिनं! साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. असं म्हणालात का? मी म्हणालो, म्हणालो असेन. झालं! त्यांनी लगेच लिहून घेतलं.

जिना उतरताना लक्षात आलं, आपण काय करून बसलो. आपल्याच पायावर धोंडा. वास्तविक मला काहीच आठवत नाही. चढावर लाल दिव्याला उभा होतो. पाय ब्रेकवर, हँडब्रेक ओढलेला. मागे माझ्या टॅक्सीतल्या नेहमीच्या बाई बसलेल्या. मग धाडकन आवाज, आणि त्यानंतर एकदम दवाखान्यातला पंखा आठवतो. मधलं सगळं पुसलेलं. पण "चुकलं", "माफ करा", "असू द्या" हे शब्द माझ्या तोंडात कायमचे भाडेकरू. बसमध्ये दुसऱ्यानं माझ्या पायावर पाय दिला तरी सॉरी मीच म्हणतो. ही म्हणायची, तुमचा चेहराच गुन्हेगाराचा आहे, चोर सोडून तुम्हालाच धरतील. म्हणजे म्हणालो असणारच.

पोरीचं म्हणणं, तिनं ठोकलंच नाही. माझीच गाडी चढावरून मागे घरंगळली आणि तिच्यावर आदळली. तिनं ठोकलं असं ठरलं तर तिची विमा कंपनी माझ्या गाडीचा खर्च देणार. मी घरंगळलो असं ठरलं तर दमडी नाही. माझा स्वतःचा विमा स्वस्तातला — दुसऱ्याचं नुकसान भरतो, माझं नाही. घेताना फार हुशारी केल्यासारखं वाटलं होतं.

गाडी नाही तर भाडं नाही. भाडं नाही तर — पुढचं लिहीत नाही.

३ मार्च, मंगळवार

हँडब्रेक ओढला होता. ओढलाच होता. दाराचं कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघणारा माणूस मी. मी ब्रेक विसरेन? पण मग माणूस विसरतो तेव्हा विसरल्याचं त्याला आठवतं का?

नाही. ओढला होता.

४ मार्च, बुधवार

आज बाईंचा दिवस. सकाळी सवयीनं दाढी केली, शर्ट घातला, किल्ली घ्यायला खुंटीकडे हात गेला. मग शर्ट काढून ठेवला. इस्त्री तरी वाचली.

मानेला पट्टा आहे म्हणून खाली बघता येत नाही. वही डब्यांना टेकवून उभी करून लिहितोय, भिंतीवर जाहिरात रंगवावी तसं. अक्षर आधीच दिव्य.

बाई म्हणजे शाळेतल्या बाई. माझ्या नव्हेत, माझी शाळा लवकरच सुटली. पण आयुष्यभर त्यांनी पोरांना भाषा शिकवली, म्हणून सगळेच त्यांना बाई म्हणतात. मूत्रपिंडं गेली आहेत. सोमवार-बुधवार-शुक्रवार डायलिसिस. यंत्रावर रक्त धुऊन घ्यायचं, नाहीतर माणूस आठ-पंधरा दिवसांचा सोबती. इतकी वर्षं मीच नेतो, खाली थांबतो, मीच आणून सोडतो. बाकीची भाडी येतात-जातात. माझं घर चालतं ते बाईंच्या भाड्यावर. मला त्या सारथी म्हणतात. जाताना माझं बोलणं दुरुस्त करतात. "सारथी, 'मी बोललो' नाही, 'मी म्हणालो'." येताना दमलेल्या असतात, अक्षर बोलत नाहीत. तेव्हा मी खड्डा चुकवायला सगळा रस्ता वापरतो. लोक शिव्या देतात.

अपघातानंतर त्यांचा पुतण्या येऊन त्यांना घेऊन गेला. त्यानंतर फोन नाही. दवाखान्याच्या वॉचमनकडून कळलं, आता दवाखान्याची व्हॅन त्यांना आणते. म्हणजे बऱ्या आहेत. म्हणजे रागावल्या आहेत. रागावणारच. मरता मरता वाचल्या, तेही माझ्या गाडीत.

फोन करायला दोनदा हातात घेतला. ठेवला.

५ मार्च, गुरुवार

गॅरेजला जाऊन आलो. गाडी पार कोपऱ्यात, टायरांच्या ढिगामागे. गॅरेजवाला म्हणाला, "काका, पुढून पाहिली तर नवरदेव आहे हो. मागून बघू नका." मी मागून पाहिली. डिकी आत शिरून मागच्या सीटला टेकली आहे. बाई तिथे बसतात. बसल्या होत्या.  टपाचा पत्रा चाचपत तसाच उभा राहिलो.

तो वाईट माणूस नाही. पण कंपनीचा होकार आल्याशिवाय हात लावणार नाही म्हणतो, आणि त्याचंही बरोबर. वर त्याची जागा अडकली आहे. महिनाअखेर थांबेन, म्हणाला. भंगारवाला दोनदा विचारून गेलाय. मी म्हणालो, त्याला सांग अजून श्वास चालू आहे. तो हसला. मी विनोद केला नव्हता.

८ मार्च, रविवार

माझ्या पोरीचा फोन. मान कशी आहे, जेवण काय, गाडी आली का. मान उत्तम, जेवण उत्तम, गाडी येतेच आहे. मागून जावई — "बाबांना म्हणावं खोली सोडा आणि इकडे या, किती दिवस एकटे भुतासारखे राहणार." माणूस मनानं चांगला आहे. पण त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा पाहिलंय मी. मला कुठे ठेवावं ते कुणाला कळत नाही. दिवाणखान्यात बसलो तर टीव्हीचा आवाज कमी करतात, आत बसलो तर "बाबा एकटेच का बसले" म्हणून बाहेर आणतात. पाहुण्यांच्या खुर्चीसारखं. मांडली तर पंचाईत, हलवली तरी पंचाईत.

गाडी असली की मला कुणी विचारत नाही, किती दिवस एकटे. गाडीत कुणीतरी असतंच.

पैसे पाठवू का, म्हणाली. म्हटलं, ठेव तुझ्याकडे, मलाच पुरून उरतात. फोन ठेवल्यावर वीजबिल पुन्हा घडी करून डब्याखाली सारलं. सारल्यानं ते भरलं जात नाही एवढं कळतं मला.

९ मार्च, सोमवार

भांडी घासताना एकदम डोक्यात उजेड पडला! "चुकलं" म्हणजे माझी चूक झाली असंच कुठाय? "मरण चुकलं" असंही म्हणतात की! थोडक्यात चुकलं, आज चुकलं. बाई वाचल्या, मी वाचलो, म्हणून म्हणालो असेन — चुकलं, चुकलं! किती साधी गोष्ट. साबणाच्या हातानंच शर्ट चढवला आणि ऑफिस गाठलं.

साहेबांनी ऐकून घेतलं. ऐकून घेतात, तेवढं आहे. मग म्हणाले, "काका, कागदावर 'मरण' शब्द कुठे आहे? नुसतं 'चुकलं' आहे. आणि म्हणालो असेन हे तुमचंच उत्तर आहे."  खुर्ची सरकवताना मी त्यांना माफ करा म्हणालो. त्यांनी भुवई वर केली. बघा, असं.

दारापर्यंत आलो तेव्हा त्यांनी हाक मारली. मागे बसलेल्या बाई काय म्हणतात ते लिहून आणा, म्हणाले. साक्षीदार तेवढ्याच. त्यांचं आलं तर विचार करता येईल.

हे तर मलाही माहीत होतं. म्हणूनच तर फोन करत नव्हतो. विचारपूस करायला केला नाही, आणि आता गरज पडली म्हणून करू? कुठल्या तोंडानं?

१० मार्च, मंगळवार

पेपर बंद केला. पेपरवाल्याला सांगितलं, डोळे दुखतात. आता हे खोटं लक्षात ठेवायला हवं. त्याच्यासमोर दुकानांच्या पाट्या वाचायच्या नाहीत.

दूधही अर्धं केलं. दूधवाल्याला काही कारण सांगितलं नाही. त्यानं विचारलंही नाही.

१२ मार्च, गुरुवार

आज एकच फोन आला. राँग नंबर. तरी चांगला माणूस होता, सॉरी म्हणाला.

१४ मार्च, शनिवार

दार वाजलं. त्या पोरीचा बाप! हातात फळांची पिशवी. मी गडबडून खुर्चीवरचे कपडे उचलले, त्याला बसवलं, चहा टाकला. दूध माझ्यापुरतंच होतं. त्याला दिला, मी नको म्हटलं, नुकताच झाला म्हणालो.

बराच वेळ मानेची चौकशी केली. मग मुद्द्यावर आला. पोरीला नवी नोकरी लागली आहे, कंपनीच्या गाडीची. अपघात तिच्या नावावर लागला तर नोकरी जाईल. "काका, तुम्ही 'चुकलं' म्हणालातच आहात. तेच फक्त स्वच्छ लिहून द्या. गाडी माझी मागे आली, एवढं. बाकी तुमच्या औषधपाण्याचं मी बघतो." आणि एक पाकीट टेबलावर ठेवलं. जाड होतं.

मला राग यायला हवा होता. आला नाही. त्याचं नाक पोरीबद्दल बोलताना लाल होत होतं. तोही बापच. म्हणालो, विचार करतो. पाकीट मात्र परत दिलं. तो पायऱ्या उतरेपर्यंत वाटत होतं, त्याला परत बोलवावं.

खोलीचं भाडं, वीजबिल, गोळ्या — सगळं त्या पाकिटात मावलं असतं. गाडी तशीही कोपऱ्यात पडली आहे. आणि घरंगळली नाही असं छातीवर हात ठेवून सांगता येतंय का मला? हात ठेवून पाहिला. नुसती धडधड.

१६ मार्च, सोमवार

कागद घेतला. "मी लिहून देतो की" एवढं लिहिलं. पुढे "माझी गाडी मागे घरंगळली" लिहायचं की "घरंगळून गेली"? बाईंना विचारायला हवं असं मनात आलं. आणि मग माझं मलाच कसंतरी झालं. खोटं लिहायचं आणि तेही शुद्ध लिहायचं!

उद्या जातो. ओरडल्या तर ओरडल्या.

१७ मार्च, मंगळवार

गेलो. पुतण्यानं दार उघडलं. बाई खिडकीजवळ खुर्चीत. वाळल्या आहेत. शाल मोठी आणि माणूस लहान. मला बघून म्हणाल्या, "या. इतक्या दिवसांनी वर्गात."

मी दारातच सुरू झालो, माफ करा बाई, फोन करायला हवा होता, माझं चुकलं. त्या म्हणाल्या, हो, चुकलं. फोन विद्यार्थ्यानं करायचा असतो. "मला वाटलं, तुमची मान मोडली की काय. पुतण्याला विचारायला लावणार होते, पण मोडली असती तर ते ऐकायचं नव्हतं मला."

म्हणजे त्या रागावल्या नव्हत्या! मी तिकडे आणि त्या इकडे, दोघंही फोनकडे बघत बसलो होतो.

मग सगळं सांगितलं. पोरगी, चढ, साहेब, "चुकलं". माझं मरण चुकल्याचंही सांगितलं. त्या ऐकता ऐकता हसायला लागल्या. त्यांना हसताना दम लागतो, पुतण्या पाणी घेऊन धावला. त्यांनी हातानंच त्याला थांबवलं.

"अहो सारथी, तुम्ही कुठले म्हणताय? तुम्ही तोंड उघडं टाकून नुसते बसला होतात. ते मी म्हणाले."

मला समजेना.

बाईंचा आवाज वर्गात ओरडून ओरडून असा झालाय की फोनवर लोक त्यांना साहेब म्हणतात. त्या पोरीला तो माझा वाटला असणार. पण ते नव्हे. त्या का म्हणाल्या? त्यांनी पुतण्याकडे पाहिलं. तो स्वयंपाकघरात गेल्यावर हळू आवाजात म्हणाल्या, की त्या दिवशी दवाखान्यात पोचायचं नाही एवढं त्यांच्या लक्षात आलं. "आजचं डायलिसिस चुकलं! शाळेला अचानक सुट्टी मिळाल्यावर पोरं ओरडतात ना, तशी ओरडले. चुकलं, चुकलं. लाज वाटते सांगायला."

  निघताना म्हणाल्या, गुरुवारी घेऊन चला तुमच्या साहेबांकडे.

जिना उतरलो. "मी लिहून देतो की" चा कागद खिशात होता तो फाडला. पोरीच्या बापाला फोन लावला आणि सांगितलं, माफ करा, पण माझं चुकलं नाही.  तो बरं म्हणाला. वाईट वाटलं. पण झोप आली.

१९ मार्च, गुरुवार

दुसऱ्याच्या टॅक्सीत मागे बसून गेलो, बाई आणि मी. प्रत्येक वळणावर माझा पाय ब्रेक शोधत होता. बाई म्हणाल्या, पायाखालची चटई फाटेल.

ऑफिसात मी खुर्ची पुढे केली, त्यांनी बसायच्या आधी साहेबांच्या भिंतीवरच्या सूचनेतली एक चूक दाखवली. साहेब उठून उभे राहिले! मग बाईंनी जबाब दिला. त्या सांगत होत्या, साहेब लिहीत होते, मध्येच "ऱ्हस्व" असं ऐकू यायचं. "शब्द माझा होता, सारथ्याचा नाही," बाई म्हणाल्या. साहेब म्हणाले, पण बाई, "चुकलं" चा अर्थ तर... बाई म्हणाल्या, "माझी बस चुकली म्हणजे बसनं गुन्हा केला का?"

साहेब पहिल्यांदाच हसले.

आणि गाडी मागे गेली होती का? नाही. कशावरून? तर लाल दिवा लागल्यापासून त्यांच्या खिडकीसमोर एका लाँड्रीची पाटी होती. "स्वच्छ धुलाई" मधला अर्धा च खाल्लेला. तो त्या डोक्यात दुरुस्त करत बसल्या होत्या. धडक बसेपर्यंत पाटी खिडकीतून तसूभर हलली नव्हती.

म्हणजे हँडब्रेक ओढला होता! ओढला होता!

येताना बाई फार दमल्या. उतरताना माझा हात धरला. हाताला वजनच नव्हतं. म्हटलं, पुढच्या महिन्यात गाडी आली की व्हॅन बंद, मी आहे. त्यांनी मान हलवली. हो म्हणाल्या की नाही, ते कळलं नाही. मला पट्ट्यामुळे नीट वळता येत नाही.

२४ मार्च, मंगळवार

मंजूर! साहेबांचा फोन. पण पूर्ण नाही, घसारा कापणार. मी विचारलं, घशाचा काय संबंध? गाडी जुनी आहे ना काका, झिजलीय, तेवढं वजा. इतकी वर्षं तिला जपली, त्याचे पैसे वाढायला हवेत की कापायला? 

बाईंना सांगितलं. म्हणाल्या, घसारा म्हणजे झिजणं, साहेबांचं बरोबर आहे. सगळ्यांनाच लागू आहे.

गॅरेजवाल्याला भेटलो. कमी पडतील ते हळूहळू फेडेन, पळून कुठे जाणार, मान वळत नाही. तो म्हणाला, "काका, तुम्ही पळालात तरी माफ करा म्हणायला परत याल." आणि हातोडी घेतली. आज पहिल्यांदा तिच्या पत्र्यावर ठोकण्याचा आवाज ऐकला. गोड लागला कानाला. बराच वेळ बसून राहिलो.

१ एप्रिल, बुधवार

पट्टा निघाला. आरशात मान दोन्हीकडे वळवून पाहिली. बघायला काही नव्हतं, तरी वळवली.

क्लेमचे पैसे आले, गॅरेजवाला थांबायला तयार, म्हणून वीजबिल भरलं. दूध पूर्ववत. पेपरवाल्याला म्हटलं, डोळे बरे झाले. तो म्हणाला, बघा, मी म्हणालो नव्हतो? तो काहीच म्हणाला नव्हता.

५ एप्रिल, रविवार

माझ्या पोरीला फोनवर सगळं खरं सांगितलं. रडली. मग ओरडली. जावई म्हणाला, "बाबा, गाडी आली की एकदा आम्हालाही फिरवा." वेगळंच वाटलं. इतक्या वर्षांत हे दोघं माझ्या गाडीत बसलेच नाहीत.

गाडी मंगळवारी मिळणार. मागची सीट नव्या कापडाची केली. ते क्लेममध्ये नव्हतं, माझ्याकडून. बाईंना खरखरीत कापड टोचतं.

७ एप्रिल, मंगळवार

गाडी आली. बाईंना फोन केला. उद्या बुधवार, नेहमीच्या वेळेला येतो म्हटलं.

या, म्हणाल्या. पण दवाखान्यात जायचं नाही. डायलिसिस आता पुन्हा नाही. डॉक्टरांना सांगून झालंय. पुतण्याचं रडूनही झालंय.

 मी विचारलं, मग कुठे न्यायचं, बाई?

"जिथे तुम्हाला खाली थांबावं लागणार नाही, तिथे."

टाकी पूर्ण भरून आणली.